बंद पडलेली संकेतस्थळे, पंचवटीचा जपानी राम आणि हरवलेला आवाज

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ‘ॲनिवेव्ह’ हे संकेतस्थळ बंद झाले. जाताना चालकांनी प्रेक्षकांचा निरोप घेणारा छोटासा मजकूर मागे ठेवला, एवढेच. जपानी ॲनिमेशन मालिका, म्हणजे ॲनिमे, फुकट दाखवणाऱ्या जगातील मोठ्या ठिकाणांपैकी हे एक होते आणि त्याच्याकडे कशाचाही परवाना नव्हता. तरीही त्या रात्री नाशिकच्या कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत कित्येक तरुणांच्या भ्रमणध्वनीवर जे संदेश फिरले, त्यांचा सूर एखादे जुने एकपडदा चित्रपटगृह पाडले जाताना उमटतो तसा होता. चोरीचा माल विकणारे दुकान बंद झाले म्हणून गिऱ्हाईक सुतक पाळते, हे वरवर पाहता हास्यास्पद आहे. पण इतिहासाच्या अभ्यासात अशा हास्यास्पद गोष्टींपाशीच थोडे थांबावे लागते.

या स्थळांची वंशावळ एखाद्या संस्थानी घराण्यासारखी गुंतागुंतीची आहे. ‘किसॲनिमे’ हे त्यातले मोठे घराणे १४ ऑगस्ट २०२० रोजी संपले. ‘नाइनॲनिमे’ने २०२३ मध्ये नाव बदलले आणि ते ‘ॲनिवेव्ह’ झाले. ‘झोरो’चे ‘ॲनिवॉच’ झाले आणि २०२४ मध्ये ‘हायॲनिमे’. गादी तीच, नाव नवे. हा नामांतराचा खेळ हौसेचा नव्हता. न्यायालये एकेका पत्त्यावर बंदी घालत होती, म्हणून पत्ताच बदलायचा. भारतात एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या खेळावर उतारा काढला. बंदी घातलेले स्थळ नव्या पत्त्यावर उगवले, तर नवा दावा न लावता तो पत्ताही त्याच आदेशात समाविष्ट करता येईल, असा तो निर्णय होता. पुढे २०२४ मध्ये ‘एस’ या आंतरराष्ट्रीय निर्मातासंघटनेने हनोईच्या पोलिसांच्या मदतीने ‘एफमूव्हीज’ व तिच्याशी जोडलेल्या स्थळांचे जाळे बंद पाडल्याचे जाहीर केले. त्या यादीत ‘ॲनिवेव्ह’चेही नाव होते.

पण मुळात हा प्रेक्षक नाशिकमध्ये आला कुठून?

त्याची सुरुवात संगणकापाशी होत नाही. ती १९९३ च्या दूरदर्शनपाशी होते. रविवारी सकाळी लागणारा ‘जंगल बुक’ हा मूळचा निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेचा, ५२ भागांचा. हिंदीत त्याला गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला, आणि मोगली इतका आपलासा झाला की तो जपानमधून आला आहे हे पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल. नाना पाटेकरांचा वाघ जपानी कसा असेल? पुढे ५ जुलै २००४ रोजी ‘ॲनिमॅक्स’ ही केवळ ॲनिमेला वाहिलेली वाहिनी भारतात सुरू झाली. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ होतीच, ‘नारुतो’ही आली. मात्र या वाहिन्यांची एक खोड होती. मालिका मध्येच थांबायची, पुन्हा पहिल्या भागापासून सुरू व्हायची, किंवा काहीही न सांगता गायब व्हायची. मूळ ‘नारुतो’ २२० भागांची आणि तिचा उत्तरार्ध ५०० भागांचा. बारा वर्षांच्या मुलाला त्यातला तुकडा दाखवून पुढचे पान फाडून टाकणे, असा तो प्रकार होता. त्यात त्या वर्षांतले महाराष्ट्राचे भारनियमन. सायंकाळी साडेपाचचा भाग आणि सायंकाळी साडेपाचलाच वीज जाण्याची वेळ, हा योग ज्याने अनुभवला आहे त्याला ‘पुढे काय झाले’ या प्रश्नाची धार समजावून सांगावी लागत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर बाजारात विकत मिळत नव्हते. ते सायबर कॅफेत, तासाच्या दराने, मिळे. नंतर ते महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या एखाद्या मुलाच्या पेनड्राइव्हवर मिळू लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि उत्तर थेट खिशात आले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या आईवडिलांच्या घरातली मुले रात्री पांघरुणाखाली, आवाज बंद करून, इंग्रजी उपशीर्षके वाचत जपानी मालिका पाहत. चित्र अस्पष्ट, मध्येच चक्र फिरत थांबणारे. एक दुवा चालला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. जुगाराच्या आणि त्याहून भलत्यासलत्या जाहिरातींच्या खिडक्या मिटवत मिटवत खऱ्या खिडकीपर्यंत पोहोचायचे, हे एक कसबच होते. मराठी माध्यमातून आलेल्या कित्येकांचे इंग्रजी वाचन या उपशीर्षकांनी सुधारले. ती उपशीर्षके कुणा अनामिक हौशी मंडळींनी, बिनपगारी, रात्र जागून केलेली असत. कधी कधी पडद्याच्या वरच्या कडेला त्यांची टीपही असे. अमुक शब्दाला जपानीत असा दुहेरी अर्थ आहे, तमुक सण असा साजरा करतात. पोथीच्या समासात लेखनिकाने लिहिलेल्या टिपणासारखी ती टीप. मूळ ग्रंथकाराची नसते, पण वाचणाऱ्याला हवी असते.

इथे भाबडेपणा टाळलेला बरा. उपशीर्षके करणारे हौशी होते. संकेतस्थळे चालवणारे हौशी नव्हते. दुसऱ्याचे चित्रण दाखवून जाहिरातींवर पैसा मिळवणे हा त्यांचा धंदा होता. जपानमध्ये एकेक चौकट रेखाटणाऱ्या तरुण चित्रकारांचे वेतन किती तुटपुंजे असते हे जगजाहीर आहे, आणि त्या धंद्यातला एक पैसाही त्यांच्यापर्यंत जात नव्हता. गंमत अशी की आज जी अधिकृत सेवा या क्षेत्रात सर्वांत मोठी मानली जाते, त्या ‘क्रंचीरोल’चा जन्मही याच गल्लीतला. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी ती सुरू केली, तेव्हा तिच्यावरचा बहुतेक माल विनापरवाना होता. २००८ मध्ये गुंतवणूकदार आले, २००९ च्या आरंभी परवाने आले आणि जुना माल हटला. २०२१ मध्ये सोनीच्या कंपनीने ती सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. कालचा पेंढारी आज सरदार होतो, हे मराठी वाचकाला नवे नाही.

भारतात या सेवेने मासिक वर्गणी ७९ रुपयांपर्यंत खाली आणली, हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज दिले. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात लागावा म्हणून चाहत्यांना पन्नास हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज करावा लागला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट आला तेव्हा त्याचे पहाटेचे खेळ लागले. म्हणजे ज्या उणिवेपोटी ती चोरवाट पडली होती, ती उणीव बहुतांशी भरून निघाली आहे. मग हळहळ कशाची?

ती फुकटेपणाची नाही. ७९ रुपयांत आज धड दोन मिसळीही येत नाहीत, आणि हळहळणाऱ्यांपैकी बहुतेक आता कमावते आहेत. ही हळहळ त्या मालिकांभोवती साचलेल्या गाळाची आहे. हौशी उपशीर्षके, समासातल्या टिपा, जुने आवाज, एकेका भागाखाली जगभरच्या अनोळखी मुलांनी लिहिलेले चार शब्द. हे सारे संकेतस्थळासोबत बुडाले. आणि अधिकृत वाटेवर ते सुरक्षित राहिले असते असेही नाही. जुलै २०२४ मध्ये, म्हणजे ‘ॲनिवेव्ह’ बंद होण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, ‘क्रंचीरोल’नेही आपल्याकडील प्रेक्षकांचे वर्षानुवर्षांचे सर्व अभिप्राय एका निर्णयासरशी काढून टाकले. विनापरवाना घर पोलिसांनी पाडले, परवान्याच्या घराने स्वतःच्या भिंती स्वतःच पुसल्या.

हा गाळ महत्त्वाचा का, हे नाशिककराला समजावण्यासाठी टोकियोपर्यंत जाण्याची गरज नाही. पंचवटीपर्यंत गेले तरी पुरते.

१९८३ मध्ये युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक भारतात आले. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळील उत्खननावर त्यांना माहितीपट करायचा होता. त्या निमित्ताने रामकथा त्यांच्या वाचनात आली. जपानीत उपलब्ध असलेली तिची दहा रूपांतरे त्यांनी वाचून काढली आणि या कथेला ॲनिमेशनच न्याय देऊ शकेल असे त्यांच्या मनाने घेतले. वाटेत अडचणी पुष्कळ आल्या. एक परदेशी माणूस रामायण करतो आहे या वर्तमानपत्री बातमीवरून निषेधाचे पत्र आले, साकोंना गैरसमज दूर करावा लागला. भारत सरकारचा सहभागही मिळाला नाही, विषय नाजूक ठरला. तरी राम मोहन भारतीय बाजूने उभे राहिले. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात दाखल झालेले हे गृहस्थ भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू. धोतराचा सोगा कसा पडतो, नमस्कार करताना हात कुठे येतात, हे जपानी चित्रकारांना भारतीयांनी समजावून सांगितले. सुमारे ४५० कलावंतांनी हाताने रेखाटलेला, सव्वादोन तासांचा चित्रपट तयार झाला. संगीत वनराज भाटियांचे, संस्कृत गीते वसंत देवांची.

नाव ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’. पहिला खेळ जानेवारी १९९३ मध्ये, दिल्लीतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात. डिसेंबर १९९२ नंतरचा तो महिना. रामावरचा चित्रपट देशभर वाजतगाजत लावण्याची ती वेळ नव्हती, आणि चित्रपटगृहांनी तो जवळजवळ पाहिलाच नाही.

पुढे त्याची हिंदी आवृत्ती झाली. रामाला अरुण गोविलांचा आवाज, रावणाला अमरीश पुरींचा, निवेदन शत्रुघ्न सिन्हांचे. ती कार्टून नेटवर्कवर लागे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीने हा चित्रपट तिथे पाहिला आणि नंतर, वाहिनीने दाखवणे थांबवल्यावर, विनापरवाना प्रतींवर. दूरचित्रवाणीवरून आणि तबकड्यांवरून उतरवलेल्या त्या प्रती. काहींच्या कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, मधली जाहिरात कापताना तुटलेले अर्धे वाक्य.

ज्या गावाचे नावच लोकपरंपरा शूर्पणखेच्या नासिकेवरून सांगते, त्या गावात हा चित्रपट कसा पाहिला गेला असेल? काळाराम मंदिराच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या एका घरात तो आजी आणि नात मिळून पाहत. नात सात-आठ वर्षांची. पर्णकुटी दिसली की आजी म्हणे, “अगं, हे आपल्याकडलं बघ. सीतागुंफा.” आणि नात वाद घाले, “आजी, तिथे एवढी झाडं कुठेत?” “होती गं तेव्हा,” असे म्हणून आजी विषय संपवी. सीताहरणाच्या वेळी आजी हात जोडी. रावणाच्या तोंडी अमरीश पुरींचा आवाज आला की ती पदर सावरून बसे, जणू तो खरोखरच दारात आला आहे. जपान हा शब्द त्या घरात कुणी उच्चारल्याचे स्मरत नाही. पुढे आजी गेली. नात शिकायला पुण्याला गेली, एक दिवस तिने जपून ठेवलेला दुवा उघडला, आणि पडद्यावर ‘ही चित्रफीत उपलब्ध नाही’ एवढे एकच वाक्य आले.

२४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट अधिकृतपणे, स्वच्छ केलेल्या फोर-के चित्रांसह भारतातील चित्रपटगृहांत लागला. बत्तीस वर्षांनी. इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. रंग इतके उजळ की लहानपणी पाहिलेले जंगल निराळेच होते की काय, असे वाटावे. पण हिंदी आवाज नवे होते. त्या नात म्हणणाऱ्या मुलीने तिकीट काढले, पूर्ण दाम मोजले, आणि तिला मिळाला तो उत्तम, निर्दोष, अनोळखी चित्रपट. ज्या आवाजाला आजी दचकत असे तो त्यात नव्हता. अधिकृत प्रतीत चित्र वाचले. आवाज वाचला असेल तर त्या बोधचिन्ह असलेल्या, अर्धे वाक्य तुटलेल्या चोरट्या प्रतींत.

अमरीश पुरी २००५ मध्ये गेले, साको २०१२ मध्ये, राम मोहन २०१९ मध्ये.

अनधिकृत प्रत हीच शेवटी एकमेव प्रत ठरते, हे पूर्वीही घडलेले आहे. १९२२ चा ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर, हक्क न घेता, बेतलेला होता. लेखकाच्या पत्नीने दावा जिंकला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. आदेश कायदेशीरदृष्ट्या योग्यच होता. तो पुरता पाळला गेला नाही, काही प्रती कुठे कुठे दडून राहिल्या, म्हणूनच जागतिक चित्रपटाच्या इतिहासात आज ते पान आहे.

उलट उदाहरण नाशिकचे, आणि ते अधिक बोचणारे आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपला कारखाना नाशिकला घेऊन आले. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा पट केला. एकेक आगकाडी हाताने सरकवायची, एकेक चौकट टिपायची. भारतातील पहिले ॲनिमेशन म्हणून त्याचा उल्लेख होतो. म्हणजे ज्या गावातली मुले शंभर वर्षांनी ॲनिमेसाठी रात्री जागत होती, त्या गावाशी या कलेचा भारतातला आरंभ जोडलेला आहे. तो पट आज कुठेही नाही. एक फूटसुद्धा नाही.

१९१७ चा ‘लंकादहन’ही फाळक्यांचाच. राम आणि सीता, दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केलेल्या. तीन हजार फूट लांबीच्या त्या चित्रपटातले जेमतेम पाचशे फूट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. ते संग्रहालयच १९६४ मध्ये स्थापन झाले. पी. के. नायर फाळक्यांचे उरलेसुरले रीळ गोळा करू लागले तेव्हा फाळके जाऊन वीस वर्षे उलटली होती. ‘लंकादहन’ला त्या काळी प्रेक्षकांची गर्दी लोटली, पैसा मिळाला. पण खेळ संपल्यावर रीळ म्हणजे अडगळ, ज्वालाग्राही अडगळ, असा सार्वत्रिक समज होता. फाळक्यांच्या आगकाड्यांची चोरटी प्रत कुणी काढली असती तर? त्या काळात दादासाहेबांनी तिला नक्कीच कोर्टात खेचले असते, आणि ते त्यांचा हक्क बजावणेच ठरले असते.

यावरून चोरीला परवाना मिळत नाही. २०२३ च्या सुधारणेनंतर चित्रपटाच्या बेकायदा मुद्रणाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. निर्मात्याच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही नाही. खटकते ते दुसऱ्याच ठिकाणी. १९५४ पासून पुस्तक छापणाऱ्याला त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे द्यावी लागते, म्हणून कुणी न वाचलेले पुस्तकही कुठेतरी असते. दूरचित्रवाणी वाहिनीवर मात्र प्रक्षेपित मजकुराची नोंद ९० दिवस ठेवण्याचे बंधन आहे. एक्याण्णवाव्या दिवशी काय, याविषयी कुणी काही विचारत नाही. हिंदीतला ‘ड्रॅगन बॉल झी’चा पहिला आवाज, ‘नारुतो’चे त्या वेळचे हिंदी, साकोंच्या रामाचे गोविल आणि पुरी, हे सारे त्या एक्याण्णवाव्या दिवसानंतरचे आहे. भाषांतराचा आवाज देणारे कलावंत तर श्रेयनामावलीतही अनेकदा नसत. त्यांच्या कामाची यादी आज कुणाला करायची झाली तर साधन म्हणून त्याच बदनाम प्रती हाताशी घ्याव्या लागतील.

पांडवलेण्यांत सातवाहनांनी आपली दाने दगडात कोरून ठेवली, ती आजही वाचता येतात. राजाला आपले नाव टिकवायचे होते आणि त्याच्याकडे डोंगर होता. वसतिगृहातल्या मुलाकडे पाचशे जीबीची हार्ड डिस्क होती.

अशा डिस्क आजही नाशिकमध्ये आहेत. गंगापूर रोडच्या एखाद्या सदनिकेत माळ्यावर, सिडकोतल्या घरी कपाटात जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली. त्यांवर फोल्डरांची नावे चुकीच्या वर्णलेखनाची, भागांचे क्रमांक मागेपुढे झालेले, एखादी चित्रफीत उघडणारी, एखादी न उघडणारी. मालक नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला. दिवाळीच्या आवराआवरीत आई विचारते, “हे टाकू का रे?” फोनवर पलीकडून क्षणभर काही बोलणे येत नाही. मग तो म्हणतो, “राहू दे. आल्यावर बघतो.”